रशियाबाईंचा उतार

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, माझ्या हातनं वाकडं काम होत न्हाय. मिलच्या सुतारखात्यात अठरा वर्षं काढली, पण कुंडलिक सुतारानं बसवलेली चौकट पुन्हा काढून बसवावी लागली, असं सांगणारा माणूस सोलापुरात मिळायचा न्हाय. पाणसळ ठेवायची, तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की मगच पाणी प्यायचं, ही आमच्या घरातली रीत. त्याच पाणसळीपायी मी एका बाईचं आयुष्य टांगणीला लावलं.

रशियाबाई सोलापुरात आल्या पंचवीस साली. मुंबईहून मद्रासला निघालेली गोऱ्या लोकांची एक नाचाची मंडळी होती. हितं उतरल्यावर बाईंना विषमज्वर झाला, नि मंडळी पुढं गेली ती गेलीच. मिलच्या मोठ्या साहेबाच्या मडमेनं त्यांना ठेवून घेतलं, साहेब लोकांच्या पोरींना नाच शिकवायला. त्यांचं खरं नाव लांबलचक, आमच्या तोंडात बसंना, म्हणून रशियाबाई. मराठी त्या बंगल्यावरच्या आयांकडनं नि हमालांकडनं शिकल्या. त्यामुळं लहानथोर सगळ्यांना सरसकट 'तू'.

मिलचं एक रिकामं गोदाम त्यांना मिळालं. तितं फळ्यांची जमीन घालायचं काम माझ्याकडं आलं. बाईंनी हातवारे करून सांगितलं, "कुंडलिक, जमीन उतरती पायजे. मागं उंच, पुढं खाली. आमच्या नाचाच्या शाळेत तशी हाय, दोनशे वर्षं."

मी व्हय व्हय म्हणलं. मनात म्हणलं, शाळा दोनशे वर्षांची, जमीन खचली असणार, नि ह्यांना वाटलं तीच रीत. परदेशी बाईमाणूस, तिला काय कळतंय लाकडातलं? उद्या कुणी बघितलं तर बाईला न्हाय, मला हसतील. मी साफ सरळ जमीन घातली. पाणसळ कुठंबी ठेवा, बुडबुडा हलायचा न्हाय.

बाई आल्या. जोडे काढून ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत चालल्या. परत आल्या. पाणसळीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "चांगला," म्हणाल्या, नि फळ्यांवर पाणी शिंपडायला एक झारी करून मागितली. पाय घसरू नये म्हणून त्यांच्या शाळेत तालमीआधी जमीन भिजवायची चाल होती. मी समजलो, बाईला काय पत्ता लागला न्हाय. कसला खूश होतो मी त्या दिवशी.

माझी पोरगी सोजर तवा नऊ वर्षांची. दुपारी भाकरी घेऊन यायची नि गोदामाच्या दारात उभी राहायची. एक दिवस बघतो तर ही दाराची कडी धरून गुडघे बाजूला उघडतीय, मिटतीय, साहेबाच्या पोरींसंगं. मी धपाटा घालणार, तेवढ्यात बाईंनी तिला हाताला धरून आत नेलं.

घरी बजाबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, घर डोक्यावर घेतलं. "नाचाला घालताय पोरीला? उद्या कोण करून घेईल तिला?"

"अगं, हा नाच न्हाय, तालीम हाय," मी म्हणलं. आणि खरंच तसंच होतं. घुंगरू न्हाय, गाणं न्हाय. बाई काठीनं ताल द्यायच्या नि तास तास एकच बैठक घोटून घ्यायच्या. पैलवान बरे, एवढा घाम निघायचा.

पण मलाबी शंका होतीच. मी बाईंना विचारलं, "साहेबाच्या पोरींत सुताराची कशाला घेता?"

तवा बाईंनी शाळेचं मूळ सांगितलं. पीटर्सबर्ग नावाचं शहर, तितली एक राणी. तिनं एका फ्रेंच मास्तराला वाड्यातल्या चाकरांची बारा पोरं नि बारा पोरी दिल्या, ह्यांना नाच शिकव म्हणून. तिथनं शाळा सुरू झाली. पुढं फ्रान्सचे मास्तर आले, इटलीचे आले, एकाचं घेतलं, दुसऱ्याचं घेतलं, नि ह्या लोकांनी त्यातनं आपली रीत काढली. दहाव्या वर्षी पोर आत घ्यायचे, पाय बघून, पाठ बघून. राहायचं तितंच, जेवायचं तितंच. मग राज्य उलटलं. थंडी अशी की लोकांनी बाकडी जाळली, दारं जाळली. "आमी मोजे चार चार घालून नाचलो. तोंडातनं वाफ. पण शाळेची फळी कुणी जाळली न्हाय," बाई म्हणाल्या. हे ऐकून मला उगाच अपराध्यासारखं झालं. म्हणलं, जाऊ दे, आता काय त्याचं.

"चाकरांची पोरं होती," बाई पुन्हा म्हणाल्या. "सोजर बरोबर हाय."

चार वर्षं अशी गेली. एकोणतीस सालच्या थंडीत बाईंना पॅरिसहून पत्र आलं. अशीच एक मंडळी मुंबईहून मद्रासला निघणार होती. तिला बारक्या पोरी शिकवायला बाई पाहिजे होती, नि बाईंनीच कधी तरी अर्ज धाडला होता. मंडळीचा म्हातारा मास्तर त्याच शाळेचा, पण बाईंच्या कितीतरी आधी शिकून बाहेर पडलेला. त्याचं म्हणणं, आजकाल जी ती सांगते मी त्या शाळेची. दाखला दाखवा. बाईंचा दाखला पळापळीत कुठल्याशा बंदरात बुडालेला. मग त्यानं लिहिलं, दाखला नसंल तर शिष्य दाखवा. मेल सोलापुरात पाणी घ्यायला थांबती, तेवढ्यात प्लॅटफॉर्मवर बघतो.

साहेबाच्या पोरी तवर विलायतेला गेलेल्या. राहिली एकटी सोजर.

त्या दिवसापासनं बाईंना चैन पडंना. उभ्या उभ्या चहा प्यायच्या, अर्धा ठेवायच्या. आणि मला तर त्यांच्याहून चैन पडंना. रंधा हातात धरला की मन भलतीकडंच. शेवटी आदल्या दिवशी सकाळी पाणसळ घेऊन मी स्टेशनात गेलो. फरशीवर ठेवली. बुडबुडा सरकत सरकत एका टोकाला जाऊन बसला. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून प्लॅटफॉर्मला उतार ठेवलेला. हमाल विचारायला लागला, "काय ओ सुतार, स्टेशन पाडून नवं बांधताय का?" मला हसूबी येईना.

तसाच गोदामात गेलो. बाईंच्या पुढं पाणसळ ठेवली नि सांगून टाकलं. "बाई, मी तुमाला फसवलं. जमीन सरळ हाय. चार वर्षं सरळच हाय. उद्याची जागा उताराची हाय, नि पोरीला उताराची सवय न्हाय."

बाई खिडकीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला पहिल्या दिवशी कळलं. पायाला कळतंय की."

"मग बोलला न्हाईत?"

"उतार थेटरासाठी असतो, कुंडलिक. खाली लोक बसतात, त्यांना पाय दिसले पायजे. हितं कुठलं थेटर? मी कुठं जाणार होते? मी ठरवलं, हितं राहायचं तर सरळ जमिनीवर राहायचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तवा मला जायचं नव्हतं. आता लई जायचंय."

मला तोंड लपवायला जागा राहिली न्हाय.

दुसऱ्या दिवशी मेल आली. म्हातारा उतरला, बुटका, गळ्याला मफलर. त्यानं सोजरला मुद्दाम उताराकडं तोंड करून उभं केलं. त्यांची थेटरं तशीच ना. पोरीनं बैठका केल्या, हात केले. म्हातारा मान हलवत होता. मग गिरक्या. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरीला पोरगी पुढं गेली नि चौथीला हातावर पडली. प्लॅटफॉर्मवरली माणसं हसली. मला वाटलं एकेकाला धरून रुळावर ढकलावं.

म्हातारा बाईंशी बोलला, शांतपणे, नि शिट्टी झाली तशी डब्यात चढला. बाईंनी नंतर सांगितलं, "तो म्हणतो, पाय आमच्या शाळेचे वाटतात. पण त्या शाळेची बाई उताराशिवाय शिकवत न्हाय. म्हणतो, तू कुणाचं तरी बघून शिकलीस." सहा आठवड्यांनी मंडळी ह्याच वाटेनं परत जाणार होती. तवा पुन्हा बघतो म्हणाला होता.

सोजर घरापर्यंत रडली. तिला रागवायचं तोंड मला नव्हतं, नि समजवायचंबी नव्हतं.

मिलमध्ये आजारी पडल्याचं कळवलं नि जमीन उपटायला घेतली. आपल्या हातानं ठोकलेले खिळे आपणच काढायचे. बजाबाई बघायला आली. म्हणाली, "चार वर्षांनी आली व्हय अक्कल?" मी पुढचा खिळा उपटला. आली होती खरी.

पण उतार किती? बाईंना आकडा ठाऊक नव्हता. शाळेत कोण मोजतंय? मग मी एक लांब फळी टाकली. बाई जोडे काढून तिच्यावर उभ्या राहिल्या, डोळे मिटले. मी मागच्या टोकाखाली पाचर ठोकायला लागलो. एक ठोका. "न्हाय." आणखी एक. "न्हाय." असे किती ठोके घातले देव जाणे. एकदा जास्त झालं, "लई झाला," म्हणाल्या, मी परत काढला. मग एक हलका ठोका बसला, नि बाई बोलल्याच न्हाईत. वर बघितलं तर मिटल्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं. हात आपोआप बाजूला उघडले होते, नि चाळिशीतली ती बाई दहा वर्षांच्या पोरीसारखी ताठ उभी होती. म्हणाल्या, "थांब. हेच."

मी पाचरेवर पेन्सिलची खूण केली. त्या खुणेवरनं अख्खी जमीन बसवली. पाणसळ ठेवून बघितली, बुडबुडा एका अंगाला. तसाच राहू दिला, नि त्या दिवशी पाणी प्यायचं सुचलंच न्हाय.

सोजर पहिल्या आठवड्यात रोज पडली. गुडघे सोलले, अंगठ्याचं नख गेलं. बाईंची काठी थांबली न्हाय. मी दारात बसायचो, उठायचो, पुन्हा बसायचो. पाचव्या आठवड्यात पोरगी उभी राहिली.

परतीची मेल संध्याकाळची. म्हातारा उतरला, उताराकडं नुसतं बोट केलं. सोजरनं गिरक्या घेतल्या. म्हातारा ओठांतल्या ओठांत मोजत होता. पोरगी सोळा फिरली नि खुंटी ठोकल्यासारखी थांबली. ह्या वेळेला कुणी हसलं न्हाय. म्हाताऱ्यानं टोपी काढली. सोजरपुढं वाकला, मग बाईंचा हात धरून एकच वाक्य बोलला.

बाई पांढऱ्या पडल्या. "म्हणतो, चल. आत्ता. मुंबईहून बोट हाय."

पंधरा मिनिटं होती. बाईंकडं एक पिशवी तेवढी. ट्रंक मागनं धाडायची ठरली. त्यांनी सोजरचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आपल्या बोलीत काय काय बोलल्या, पोरीला कळलं का कुणास ठाऊक. डब्याच्या पायरीवरनं मला म्हणाल्या, "कुंडलिक, उतार बरोबर हाय." मी मान हलवली. गाडी हलली, मुंबईच्या अंगाला वळणापर्यंत दिसली, मग दिसंना.

स्टेशनातनं आमी दोघं पायी निघालो. पार चौकापर्यंत आल्यावर सोजर म्हणाली, "आबा, तुमी उतार नीट दिला नसता, तर बाई राहिल्या असत्या की."

मी म्हणलं, "व्हय."

"मग का दिला?"

पोरगी माझ्या दोन पावलं पुढं चालायला लागली. घराकडं वळायचं सोडून गोदामाकडं वळली. मी मागनं पोचलो तवा तिनं झारी भरली होती. मागच्या उंच अंगाला उभी राहून फळ्यांवर पाणी शिंपडत होती, नि दारात शेजारच्या नागप्पा कोष्ट्याच्या दोन बारक्या पोरी कडी धरून आत बघत होत्या.