शीळ नको, कॉफी ओत

आमचे फोटो जुळले नाहीत, त्याला जबाबदार तुम्ही वेधशाळावाले आहात. नियम तुम्ही केलात: एकाने फोनवर शीळ घालायची आणि दोघांनी एकदम कॅमेरा उघडायचा. उत्तरप्रकाशाखाली, आभाळातल्या त्या हिरव्या पडद्याखाली, शीळ? आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा घालत नाही. शीळ ऐकली की तो खाली उतरतो आणि माणूस उचलून नेतो. माझा यावर विश्वास नाही. पण शीळ मी घातली नाही, घालणारही नाही.

फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या, अलीकडे मी, पलीकडे माझी मेहुणी सुन्ना. दोन्ही फोटोंत तारे तेच, प्रकाश मात्र ताऱ्यांपासून सरकलेला. किती सरकला, त्यावरून उंची निघते. पण क्षण एकच हवा, तो पडदा काही आमच्यासाठी थांबत नाही. शिळेवाचून आम्ही अंदाजाने उघडत राहिलो. तुम्ही आम्हाला निष्काळजी ठरवून कॅमेरे परत मागवलेत.

कॅमेरे न्यायला येणारी बोट उद्यावर आली. सूर्य नाताळाआधीच हिवाळ्यापुरता गेलेला, त्यामुळे दुपारच्या कॉफीलाच आभाळ हिरवं पेटलं. मी अंगणात, तारेचा फोन कानाला. सुन्ना म्हणाली, "भाऊजी, टोपी घाला. टक्कल चमकलं तर शिळेवाचूनच उतरेल तो."

तेवढ्यात माझी बायको इंगा किटली घेऊन आली, ओतू का म्हणाली. मी म्हणालो, "ओत." आणि बटण दाबलं.

"मीही दाबलं," पलीकडून सुन्ना.

"तुला कोणी सांगितलं?"

"ओत म्हणालात ना?"

मग काय, कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचा संपेपर्यंत ओत, ओत. इंगा दर वेळी खरंच ओतायची. कॉफीत बुडवून खातो ते कपातलं चीज वाहून बर्फात गेलं, कुत्र्याची चैन झाली. आम्ही तिघं दोन किनाऱ्यांवर पोट धरून हसत होतो.

सकाळी सुन्ना होडीने आपल्या काचा घेऊन आली. शेजारी शेजारी ठेवल्या: पडद्याच्या घडीला घडी जुळलेली, तारे मात्र बाजूला. गणित मांडलं. पडद्याची खालची कड शंभर किलोमीटरच्या थोडी वर.

"एवढ्या लांबून त्याला शीळ काय ऐकू येणार?" सुन्ना म्हणाली.

"मग घाल."

"तुम्ही मोठे, तुम्ही आधी."

कोणीच घातली नाही.

बोट भोंगा देऊन गेली. कॅमेरे आम्ही चढवले नाहीत. काचांवरून काढलेल्या प्रती या पत्रासोबत आहेत, जुळवून बघा. नियम करताना इथल्या एका तरी माणसाला विचारलं होतंत का? आणि कॅमेरे आता इथेच राहणार की नाही? उत्तर द्या.