दाखवायची दुलई

मी एक दुलई आहे. कोरियातल्या देगू शहराच्या बाजारात क्वाक पिल्दू यांच्या दुकानात, दर्शनी भिंतीवर टांगलेली. अंग रेशमी, पोटात खराखुरा कापूस. जन्म पांघरुणाचा मिळाला, पण आजवर कुणाला ऊब दिलेली नाही.

मला ओकबुन आजींनी हाताने शिवलं. नवरानवरीला लाभावी म्हणून बदकांची जोडी भरली. टाका चुकला की उसवायच्या आणि मलाच समजवायच्या, "रागावू नकोस गं. सासरी जायचंय तुला."

सासर कसलं! क्वाकनी मला विकत आणलं आणि नऊ लाख वॉनची चिठ्ठी लावली. शेजारी यंत्रावर शिवलेली दुलई, चार लाखांची. मी यायच्या आधी बायका तिच्याकडे बघून नाक मुरडायच्या, "चार लाख? लुटताय की काय!" आता त्या आधी माझी चिठ्ठी वाचतात, दचकतात आणि शेजारणीकडे वळतात. "ही बरी. स्वस्तात मिळाली बाई!" तिची किंमत एका वॉननेही उतरलेली नाही.

तरी मी वाट बघायचे. एकदा सो नावाच्या बाई आल्या, मुलीच्या लग्नासाठी. माझ्यावर गाल टेकवून म्हणाल्या, "हीच द्या. घासाघीस करत नाही."

क्वाक गोड हसले. "ही दुसऱ्यांची ठरलीय हो. ती बघा ना, निम्म्याहून कमी."

त्या गेल्यावर क्वाकची बायको कडाडली, "आलेली लक्ष्मी घालवलीत!"

"खुळी आहेस. ही गेली, तर ती चार लाखांची उद्या पुन्हा महाग वाटेल. हिला विकायला आणलंच नाही मी."

माझा टाकान् टाका थिजला.

थंडी पडल्यावर आजी आल्या, भाजलेली रताळी घेऊन. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"अजून इथेच?"

"काय करणार आजी, हातशिलाईला कुणी विचारत नाही हल्ली."

"मग तुमचे पैसे परत करते. मी नेते हिला."

"छे छे! नुकसान माझं होऊ दे. राहू द्या, सांभाळतो मी."

आजींनी कमरेत वाकून त्यांचे आभार मानले. सुई त्यांनी त्यानंतर हातात घेतली नाही, असं बाजारात बोलतात.

उन्हाने माझं रेशीम विटत चाललंय. तुम्ही कधी इकडे आलात, तर मला सोडवू नका. ओकबुन आजींना गाठा आणि एवढंच सांगा, की तुमच्या दुलईला मागणी आली होती.