चष्म्याच्या खुणा

लेक आपलं चित्र काढणार म्हटल्यावर द्वारकाबाईंनी कपाटातून मोरपंखी पैठणी काढली. ही पैठणी त्यांनी अंगणवाडीच्या मानधनातून साठवून घेतली होती, आणि ती नेसायला त्यांना निमित्तच हवं असायचं. सिल्लोडात त्यांना कोण ओळखत नव्हतं? लग्नानंतर दहावी केली, बारावी केली. पन्नाशीला टेकल्यावर स्कूटी शिकल्या, दोनदा आपटल्या आणि गुडघ्याला हळद लावून पुन्हा थेट भराडीपर्यंत जाऊन आल्या. अशा बाईला खुर्चीत गप्प बसवणं म्हणजे शिक्षाच. तरी लेकीसाठी त्या रविवारमागून रविवार बसल्या.

"तनू, चष्मा राहू दे का काढू गं?"

"राहू दे ना आई. छान दिसतेस."

"आन् ही किल्ली? स्कूटीची?"

"हातातच असू दे."

तनुजानं सगळं जसंच्या तसं काढलं. मग रंगवायचं उरलंसुरलं काम करायला कॅनव्हास शहरात, मुकुंदवाडीतल्या आपल्या खोलीवर नेला, आणि तिथंच घोळ झाला.

मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी चित्रं निवडायला पुण्याचे राजेंद्र सर आले होते. त्यांनी चित्र पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "हात चांगलाय तुझा. पण ही कुणाच्याही लग्नात भेटणारी मावशी आहे. यात तुझी माती कुठंय? तुझी मुळं कुठंयत?"

झालं. जिची आई घरात माती येऊ नये म्हणून पायपुसण्यावर सतरा वेळा पाय घासते, ती पोरगी माती शोधायला लागली. आठवडाभरात पैठणीचं विटकं, ठिगळांचं लुगडं झालं. मागच्या सोफ्याच्या जागी पोपडे निघालेली मातीची भिंत आली. किल्लीचा विळा झाला. चष्मा गेला, डोळ्यांत पाणी आलं. चित्राला नाव दिलं, 'माझी मुळं'. सरांना फोटोतलं चित्र नवंच वाटलं, बाईही दुसरीच. त्यांनी लगेच कळवलं, की आता जमलं, आधी तुमच्या शहरातल्या प्रदर्शनात लाव, तिथं प्रत्यक्ष बघतो आणि मुंबईचं पक्कं करतो.

तनुजाला आनंद झाला, आणि त्या आनंदाला कुठंतरी कुसळ टोचत होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आई डबा घेऊन होस्टेलवर आली होती आणि दारातूनच ओरडली होती, "लई ऊन हाय बया!" मैत्रिणींनी कोण म्हणून विचारलं तेव्हा हिनं सांगितलं होतं, "आमच्या गावाकडच्या आहेत." तेव्हा आई गावठी वाटते म्हणून तोंड लपवलं. आता ती पुरेशी गावठी दिसत नाही म्हणून तिला रंगवून गावठी केली. मार दोन्हीकडून आईलाच.

प्रदर्शनाला आईला शेवटच्या दिवशी बोलवायचं तिनं ठरवलं होतं. तोवर काहीतरी सुचेल, असा हिशेब. पण द्वारकाबाईंना कसला धीर निघतोय? पहिल्याच दिवशी त्या अंगणवाडीतल्या मैत्रिणीला, सगीराला घेऊन एसटीनं शहरात हजर. अंगावर तीच मोरपंखी पैठणी, तोच चष्मा. चित्रातली बाई हीच, हे लोकांना ओळखू यायला नको का?

तनुजानं त्यांना दारातून येताना पाहिलं. राजेंद्र सर तिच्या शेजारीच, चित्रासमोर उभे होते. सगीरा दाराजवळच्या घोड्याच्या चित्रापाशी रेंगाळली आणि द्वारकाबाई एकट्याच पुढं आल्या. अगदी हाताच्या अंतरावर.

"काय चेहरा आहे!" सर म्हणत होते. "किती सोसलंय या बाईनं. भेटल्या कुठं तुला?"

ही माझी आई, एवढे तीन शब्द म्हणायचे होते. पण ते म्हटले, की सर एकदा पैठणीकडं बघणार, एकदा लुगड्याकडं, आणि सगळं उघडं पडणार.

"आमच्या गावाकडच्या आहेत," ती म्हणाली.

सरांचं लक्ष शेजारी गेलं. "नमस्कार. आपण?"

तनुजाला वाटलं, आता आई बोलणार. बोललीच पाहिजे. द्वारकाबाईंनी लेकीकडं एकदा पाहिलं आणि हात जोडले.

"मी सिल्लोडची. चित्रं बघाया आले."

सर हसून पुढच्या चित्राकडं गेले. तेवढ्यात सगीरा आली. तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"द्वारकाबाई, तुमचा फोटो किधर है? ही तर कोण बुढी लावली हाय?"

द्वारकाबाई चित्राच्या जवळ गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. तनुजानं चित्रातला चष्मा पुसला होता, पण नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्यानं पडलेले बारीक खळगे तसेच राहिले होते. पहिल्या रविवारी तिनं ते फार जीव लावून काढले होते आणि मग त्यांच्यावर ब्रश फिरवायला हात धजला नव्हता. द्वारकाबाईंचं बोट हळूच स्वतःच्या नाकाकडं गेलं. चष्मा जरा वर सरकला, पुन्हा खाली बसला.

"माझं नाय लावलं इथं," त्या सगीराला म्हणाल्या. "तेलाचे रंग असत्यात ते. लई दिवस लागतात वाळाया. माझं अजून ओलंच हाय. व्हय ना गं तनू?"

तनुजानं मान हलवली. कुणी तिच्या थोबाडीत मारली असती तरी एवढी लाज वाटली नसती. आई खोटं बोलली होती, आणि तेही हिची अब्रू झाकायला. जाताना द्वारकाबाईंनी पिशवीतून धपाट्यांचा डबा काढून तिच्या हातात दिला आणि वेळेवर खात जा म्हणाल्या.

चित्र मुंबईसाठी निवडलं गेलं. लोकांनी अभिनंदन केलं, आणि प्रत्येक अभिनंदनाला तनुजा मान खाली घालत राहिली. लोक म्हणाले, किती साधी मुलगी!

पुढच्या रविवारी ती नवा कोरा कॅनव्हास घेऊन सिल्लोडच्या एसटीत बसली. फुलंब्रीपासून मनात घोकत होती. आई, माझं चुकलं. ते चित्र मी मुंबईला पाठवत नाही. आज तुझं खरं चित्र काढते, पैठणीतलं, चष्म्यातलं. घरात शिरताना तिचे डोळे भरलेच होते.

द्वारकाबाईंनी कॅनव्हास पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पुन्हा काढणार व्हय? बस, आलेच मी," म्हणत त्या आतल्या खोलीत गेल्या. तनुजानं घाईघाईनं रंग मांडले. मोरपंखी रंगासाठी निळा आणि हिरवा आधी काढला.

द्वारकाबाई बाहेर आल्या त्या विटक्या लुगड्यात. पाय अनवाणी. केस विस्कटून घेतलेले. हातात विळा. डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"शेजारच्या म्हातारीकडनं आणून ठेवलं व्हतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. "मागल्या टायमाला तुला सगळं मनानंच काढावं लागलं आसंल. आधी सांगितलं आसतं तर मी आसंच बसले आसते की."

तनुजा रंग तसेच टाकून उठून उभी राहिली. चाचपडत चाचपडत द्वारकाबाई खुर्चीपर्यंत आल्या, बसल्या, आणि मान उचलून भिंतीकडं बघायला लागल्या.

"चष्म्याबिगर काय दिसत नाय बघ मला. तू कुठं हायेस तेवढं सांग, म्हंजी तिकडं बघते."

तनुजा त्यांच्या समोरच उभी होती.