तात्यासाहेबांचे सात बफर

रशिया सपाट आहे. शत्रूला अडवायला मधे डोंगर नाही. पोलंडवाले आले, स्वीडनवाले आले, फ्रेंच आले, जर्मन तर दोनदा आले. म्हणून त्याला आपल्या आणि शत्रूच्या मधे कायम दुबळे देश लागतात. त्यांना बफर म्हणतात. एवढं सांगायला मला तीनशे बारा पानं आणि आठ वर्षं लागली. आज पाच वाजता पीएचडीची वाढीव मुदत संपली की नोंदणी रद्द, आणि प्रबंधावर गाईडची सही नव्हती.

गाईड म्हणजे तात्यासाहेब. त्यांचा पहिला विद्यार्थी आप्पासाहेब डॉक्टर झाला आणि दोन वर्षांत त्यांच्याच खुर्चीवर विभागप्रमुख होऊन बसला. तो बदलून जाईपर्यंत सरांनी अकरा वर्षं जिन्याखालच्या टेबलावर काढली. तेव्हापासून त्यांचा एकही विद्यार्थी डॉक्टर झालेला नाही. सध्या आम्ही सात जण अर्धवट आहोत. एक मुकुंदवाडी स्टेशनावरून सरांचे पाहुणे आणतो, एक त्यांच्या आईला दवाखान्यात नेतो. माझ्याकडं सरांच्या शेंद्र्याच्या प्लॉटवरची आंब्याची रोपं आहेत.

साडेचारला शिपाई मुबारकभाई केबिनबाहेर म्हणाले, "बैठो बन्सीभाई. आठ साल बैठे, और आधा घंटा."

आत गेल्यावर मी सरांना लेखी दिलं, की तुम्ही निवृत्त होईपर्यंत मी इथल्या जागेसाठी अर्ज करणार नाही. पीएचडी त्या जागेसाठीच करत होतो, पण आता नुसतं संपवायचं होतं. खाली साक्षीदार मुबारकभाई.

सरांनी कागद दोनदा वाचला. मग प्रबंधाचं पान एकशे चाळीस उघडलं. त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांनी माझं एखादं पान वाचलं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"हे तूच लिहिलंस ना? जर्मनीनं अनाक्रमणाचा करार केला आन् दोन वर्षांत मोडून आत घुसली. तवापासून रशियाचा कागदावर भरवसा नाय."

"व्हय सर. पण मी जर्मनी नाय."

"ती पण असंच म्हणली असंल," सर थकल्या आवाजात म्हणाले. "आप्पानं तर पाया पडून शपथ घेतलती. लई चांगलं लिहिलंस बन्सी. मला पटलं."

ते चेष्टा करत नव्हते. आम्ही दोघं पाच वाजायची वाट बघत बसलो.

पाचनंतर त्यांनी नव्या नोंदणीचा फॉर्म पुढं सरकवला. विषय त्यांनीच भरून ठेवला होता: चीन. त्याचा इतिहास जरा लांब आहे, म्हणाले.

शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात मी एम.ए. लिहिलं.