पाच किलोपासून

काकूंनी आयुष्यभर एकच मशीन चालवलं होतं, शिवणाचं. त्यामुळे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्या जिमच्या काचेच्या दारासमोर उभ्या राहिल्या तेव्हा आतली ती लोखंडी धुडं बघून दार ढकलायला पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. कुणी पाठीवर पडून पायांनी काहीतरी ढकलतंय, कुणी दोन्ही हातांनी डोक्यावरची दांडी ओढतंय. एकाचाही चेहरा सुखी दिसेना.

तरीही त्या आत गेल्या, त्याला कारण होतं. महिन्यापूर्वी त्यांचे मिस्टर न्हाणीघरात घसरून पडले. गडी छापखान्यात छत्तीस वर्षं उभ्यानं काम केलेला, पण मोठ्या आजारपणानंतर पायांतली ताकद पार गेलेली. काकूंनी काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा, पाचदा. जमलं नाही. शेवटी शेजारच्या दोघांना हाक मारावी लागली. ते येईपर्यंत मिस्टर ओल्या फरशीवर टॉवेल गुंडाळून भिंतीकडे तोंड करून बसले होते. "लागलंय का कुठं?" असं काकूंनी विचारलं, तर त्यांनी टॉवेल आणखी घट्ट ओढून घेतला. त्या दिवसापासून ते आंघोळीला जाताना दाराला आतून कडी घालू लागले. ती कडी सरकल्याचा आवाज आला की काकूंचा जीव टांगणीला लागायचा.

"फिरायला जाऊन येते," असं सांगून त्या निघाल्या होत्या.

ट्रेनर बाई कुणाशी तरी बोलत होत्या. ताटकळत उभं राहायची लाज वाटली म्हणून काकू चपला काढून समोरच्या मशीनवर जाऊन बसल्या. पाठ टेकायला गादी होती, पण ती त्यांच्या छातीशी आली, आणि दांड्या पाठीमागे कुठेतरी राहिल्या. हात मागे नेऊन त्या चाचपडू लागल्या. तेवढ्यात शेजारी घाम पुसत उभा असलेला एक आडदांड माणूस हळूच म्हणाला, "काकू, उलट्या बसलात."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "मी नुसती बघत होते," असं काहीतरी पुटपुटत त्या उठल्या आणि थेट दाराकडे निघाल्या.

"काकू!" ट्रेनर बाईंचा आवाज खणखणीत होता. "चपला राहिल्या."

अनवाणी पळून तरी कुठं जाणार? त्या परत फिरल्या, चपला हातात घेतल्या आणि एकाएकी त्यांना रडू फुटलं. बाईंनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग काकूंनी सगळं सांगून टाकलं. न्हाणीघर, शेजारी, कडी.

"किती वजन आहे काकांचं?"

"बहात्तर."

"मग मी आधीच सांगते," बाई म्हणाल्या. "पडलेला माणूस नुसत्या दंडाच्या जोरावर उचलायचा नसतो, नाहीतर तुमची कंबर धरेल आणि घरात दोन पेशंट होतील. त्याची पद्धत असते, ती मी शिकवीन. पण त्यालाही पायांत आणि पाठीत बळ लागतं. ते इथं मिळेल. सावकाश."

बाईंनी पुन्हा त्याच मशीनपाशी नेलं. आसनाखालची कळ ओढून ते खाली घेतलं, दांड्या छातीच्या रेषेत आल्या. लोखंडी प्लेटांच्या चळतीत सगळ्यात वरच्या प्लेटखाली पिन खुपसली. "पाच किलो. ढकलताना श्वास सोडा. परत आणताना प्लेटा आदळू द्यायच्या नाहीत."

काकूंनी डोळे मिटून ढकललं. दांड्या सरकल्या. त्यांनी डोळे उघडले आणि वळून प्लेटांकडे पाहिलं, खरंच एक प्लेट वर उचलली होती. "मीच ना हे?" त्यांनी विचारलं.

"मग काय, मी?" बाई हसल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र हात वर होईना. केस विंचरताना काकू कळवळल्या आणि मिस्टरांनी नेमकं ते पाहिलं.

"फिरायला जाऊन खांदे दुखतात होय?"

खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी खरं ते सांगितलं.

"म्हणजे माझ्यासाठी तू हमाली शिकतेस."

"अहो, असं काय बोलता?"

"मग कसं बोलू? बायकोनं पोत्यासारखं उचलायचं मला?"

काकूंचाही संयम सुटला. "तुम्ही कडी घालून आत जाता ना, तेव्हा बाहेर मी दाराला कान लावून उभी असते. रोज. माझं काय होतं, कधी विचारलंत?"

ते त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी मान खाली घातली.

पुढचे तीन आठवडे काकू एक दिवसाआड जात राहिल्या. पाचाचे साडेसात झाले. पायांच्या मशीनची भीती गेली, दांडी ओढायची मात्र राहिली. त्या आडदांड माणसाशी ओळख झाली. त्यानंही पहिल्या दिवशी बोट चेमटून घेतलं होतं, असं त्यानंच सांगितलं. घरी मिस्टर विषय काढत नसत. फक्त कडीचा आवाज बंद झाला, एवढं काकूंच्या लक्षात आलं. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

मग एका सकाळी त्या निघताना मिस्टर बूट घालून दारात बसलेले. "ते पायांचं मशीन," ते दुसरीकडे बघत म्हणाले, "बसून करायचं असतं ना?"

आधी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही. ट्रेनर बाईंनी आसन पुढे सरकवलं, पिन सगळ्यात वर लावली आणि पाच वेळा ढकलायला सांगितलं. मिस्टरांनी चार वेळा ढकललं आणि पाचव्यांदा पाय थरथरले.

"आज पुरे," काकू म्हणाल्या.

"पुरे काय? एक राहिलंय," ते म्हणाले, आणि तोंड लाल होईस्तोवर त्यांनी ते एक पूर्ण केलं.