सविता नावाची नोंद नाही

भागवतरावांना आमदारांकडे मीच घेऊन गेलो. फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणाऱ्याची वट ती किती! पण आमदार गावात आले की माझ्याच बाकावर टेकतात, तेवढ्या ओळखीवर गेलो.

भागवतरावांची सविता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अंगावरून रक्त जायला लागलं तेव्हा आमच्या उपकेंद्राला कुलूप होतं. तिथल्या नर्सबाईंना भलत्याच कामाला दुसरीकडे धाडलेलं. शेवटी जीपमध्ये घालून परभणीला निघालो. वाटेतलं पिंगळी गाव मागे पडलं आणि पोर आईच्या मांडीवर गेली. पोटातलं बाळही गेलं.

"सायेब, सरकारनं येकदा सगळ्यांसमोर म्हनावं, ही पोर कुलपामुळं गेली," भागवतराव आमदारांना म्हणाले. "दुसरं कायी नगं मला."

आमदारांचे डोळे भरून आले. त्यांनी विधानसभेत प्रश्न लावला.

उत्तराच्या दिवशी मी मोबाइलवर विधानसभा लावली आणि तो बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवला. भागवतराव इस्त्रीचा सदरा घालून आले. तानुबाई, त्यांची बायको, कधी हॉटेलाची पायरी चढली नव्हती. त्या दिवशी बाकाच्या कडेला येऊन बसली. आमदार तावातावानं बोलले. मग मंत्री उठले.

"अध्यक्ष महोदय, सदर उपकेंद्रातील परिचारिकेचे पद भरलेले आहे. सविता नावाच्या गरोदर मातेची नोंद आढळून येत नाही. त्यामुळे असा मृत्यू झाला, हे खरे नाही."

आणि बसले. पद भरलेलं, कुलूप लावलेलं, मेलेलं कुणी नाही. असं रामराज्य आमच्या गावात आहे आणि आम्हालाच पत्ता नाही!

"मंग आमी जाळलं कुनाला?" तानुबाई मोबाइलकडे बघत म्हणाली.

थोड्या वेळानं त्याच मोबाइलवर आमदारांच्या पीएचा फोन आला. मी स्पीकर लावला. "लग्नात मुलीचं नाव बदललं होतं का?"

बदललं होतं. मानवतला, सासरी, जावयानं तांदळाच्या ताटात अंगठीनं 'राजेश्री' लिहिलं होतं. दवाखान्याचं कार्ड, नोंद, सगळं तिकडचं, त्याच नावानं. पण माहेरी सासरचं नाव कोण घेतो? गावाला ती सविताच होती. नाव सांगताना दुसरं कुणाच्या मनातही आलं नाही.

"पुढच्या अधिवेशनात पुन्हा मांडू," पीए म्हणाला. "सासरचं नाव तेवढं सांगा."

"सविताच सांगा," तानुबाई म्हणाली.

"आगं, त्यांच्या लेखी सविता मेलीच न्हाई," भागवतराव तिला समजावत म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या की. येका ठिकानी तरी ऱ्हाऊ द्या तिला जित्ती."

भागवतराव रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. फोनवर पीए हॅलो, हॅलो करत होता. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. मी फोन घेतला आणि म्हणालो, "राजेश्री."

तेव्हा तानुबाईनं जो हंबरडा फोडला, तो जीपमध्येसुद्धा फोडला नव्हता.