एकसष्ट नंबरचं ब्लँकेट

स्टोनी फोर्कच्या मोटारशर्यतीच्या ट्रॅकला यंदा नवा मालक मिळाला आणि आल्या आल्या त्याला नियमांची हौस सुटली. शर्यत निम्म्यावर आली की सगळ्या गाड्या थांबवायच्या, हा एक. त्यावरून आमच्याकडे डोकी फुटायची तेवढी बाकी होती. दुसरा नियम म्हणजे, गेट उघडायच्या आधी बाकांवर ब्लँकेटं अंथरून जागा धरायच्या नाहीत. त्यावर कुणी फारसं बोललं नाही, पण तो नेमका माझ्या मुळावर आला होता.

इतकी वर्षं आम्ही शनिवारी सकाळी यायचो, आपापल्या जागेवर ब्लँकेट टाकायचो आणि घरी जाऊन जेवून निवांत परत यायचो. दुसऱ्याच्या ब्लँकेटला कुणी हात लावत नसे. सगळ्यात वरच्या रांगेत माझं निळं, त्यावर बावीस नंबर, म्हणजे माझा आवडता ड्रायव्हर लॉनी प्रूइट. त्याला खेटून लाल, त्यावर एकसष्ट, म्हणजे वेस टॅकेट. ते हॉलिसचं.

हॉलिसबद्दल मला काय माहीत होतं? वीसेक वर्षं तो माझ्या डाव्या हाताला बसला. शेंगदाणे टरफलासकट चावायचा. टॅकेटच्या विरोधात कुणी ब्र काढला की त्याचे कान लाल व्हायचे. त्याचं आडनाव मला ठाऊक नव्हतं, घर ठाऊक नव्हतं, बायको आहे की गेली हेही ठाऊक नव्हतं. मी त्याला माझ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं होतं तरी काय? माझा नवरा रे गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही. आठवडाभर मी ज्यांच्याशी बोलायचे ते दुकानातले लोक, आणि तेही सुट्टे पैसे देण्यापुरतं. शनिवारी मात्र घसा बसेपर्यंत भांडायचे. रविवारी चर्चमध्ये माझा आवाज फुटायचा नाही, आणि मला ते फार आवडायचं.

"तुझा लॉनी म्हणजे सज्जन माणूस," हॉलिस म्हणायचा. "अंत्ययात्रेत पुढे गाडी चालवायला बरा."

"आणि तुझा टॅकेट म्हणजे चोर," मी म्हणायचे. "ट्रॅक घट्ट धरावा म्हणून त्याचे टायर औषधात भिजवलेले असतात. शेंबडं पोर सांगेल."

"पकडलाय का कधी?"

"पकडला गेला नाही म्हणजे केलं नाही, असं थोडंच असतं?"

"कोर्टात तसंच असतं, मॅक्सीन."

मग गेल्या ऑक्टोबरात तो पकडला गेला. हंगामातली शेवटची शर्यत होती, भर दुपारची. टॅकेट पहिला आला, लॉनी दुसरा. आमची रीत अशी की शर्यत संपली म्हणून कुणी उठून घरी जात नाही. खाली तपासणीची शेड आहे, तिथे जिंकलेली गाडी उघडतात, टायरला वास घेणारं यंत्र लावतात, आणि आम्ही जाळीबाहेर उभे राहतो. तपासनीस बाहेर आला आणि त्याने मान हलवली. टायरला औषध लावलेलं निघालं. टॅकेट बाद, लॉनी पहिला. माझा लॉनी, जो किती वर्षांत जिंकला नव्हता!

आता मला गप्प बसता आलं असतं. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. नियम म्हणजे नियम, रडणाऱ्या पोरालाही मी थांब्याच्या अलीकडे उतरवलं नाही. मी सगळ्यांसमोर हॉलिसला म्हणाले, "चोर तो चोर, आणि त्याच्यासाठी टाळ्या पिटणाराही त्यातलाच."

त्याचे कान लाल झाले नाहीत. तो शांतपणे म्हणाला, "मॅक्सीन, तू आयुष्यात कुणासाठी एक तरी नियम वाकवलास का?" आणि पाठ फिरवून गाड्या उभ्या करतात त्या मैदानाकडे चालू लागला. वर राहिलेलं ब्लँकेट घ्यायलाही आला नाही. मी वर जाऊन ते घडी करून घरी आणलं.

त्या हिवाळ्यात ते वाक्य माझ्याबरोबर जेवायला बसायचं. रेसाठी वाकवला होता का एखादा? आठवेना. माझ्या बहिणीसाठी? तिच्याशी तर मी बोलतच नाही, तेही एका नियमावरूनच.

मार्चमध्ये हंगाम सुरू झाला आणि हॉलिस आला नाही. पुढच्या शनिवारीही आला नाही. रागावलाय, येईल, असं मी स्वतःला समजावलं. पण वरच्या रांगेतली मोकळी जागा टिकत नाही. म्हणून मग मी ते केलं, जे केल्याबद्दल दुसऱ्या कुणाला मी सोडलं नसतं.

चर्चच्या बायका तिथे खाण्याची टपरी चालवतात. त्यांना गेट उघडायच्या आधी आत सोडतात. मी त्यांना म्हटलं, मी कांदे चिरून देते. दर शनिवारी मनगटावर त्यांची पिवळी पट्टी बांधून मी आत जायचे, टोपलीभर कांदे चिरायचे, डोळे पुसत पुसत वरची रांग गाठायचे आणि दोन ब्लँकेटं अंथरायचे. एक माझं, एक त्याचं. डोळ्यांतलं पाणी कांद्याचंच होतं, बहुतेक.

कुणी जागा विचारली की मी सांगायचे, "तो टपरीवर सँडविच आणायला गेलाय." शर्यतीभर मी जागची हलायचे नाही. उठले आणि कुणी बसलं तर?

पुढच्या रांगेत मर्ल बसतो. विम्याचं काम करतो, स्वभावाने लोण्यासारखा. मे महिन्यात तो मागे वळून म्हणाला, "मॅक्सीनबाई, तुझा एकसष्ट फार लांब गेलाय का गं सँडविचला? टेक्सासात वगैरे?"

"रांग मोठी आहे," मी म्हटलं.

मर्लशी वाद घालायचा मी प्रयत्न केला. खरंच केला. निम्म्यावर गाड्या थांबल्या तेव्हा म्हटलं, "ही काय शर्यत आहे की शाळा? मधली सुट्टी कसली देतात!"

"बरोबर आहे," मर्ल म्हणाला.

"पण दुसरी बाजू पण आहे. मागे पडलेल्याला टायर बदलून पुन्हा संधी मिळते."

"तेही बरोबर आहे."

"टॅकेट चोर आहे."

"आहेच."

"मर्ल, अरे, कशावरून चोर आहे? एकदा सापडला म्हणून? निम्म्या पोरांचे टायर हुंगून बघ, तुझं नाक जळेल! त्यांना कोण बाद करतं?"

मर्ल माझ्याकडे बघतच राहिला. मीही दचकले. हे हॉलिसचं बोलणं होतं, शब्दन् शब्द. दुसऱ्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं, म्हणून दोन्ही बाजू मीच लढवत होते. लाल ब्लँकेटकडे बघितलं आणि इतकं एकटं वाटलं की उरलेली शर्यत मला नीट दिसलीच नाही.

आजारी असेल, की मेला असेल? शोधू कसा? "हॉलिस, टॅकेटचा माणूस" एवढ्यावर फोनच्या पुस्तकात कुणी सापडत नाही.

ऑक्टोबरातली शेवटची शर्यत पुन्हा भर दुपारी होती. मधली सुट्टी संपली आणि दोन फेऱ्यांत लॉनीच्या इंजिनातून पांढरा धूर निघाला. तो गाडी बाजूला घेऊन उतरला, हेल्मेट काढून बसला. मी आयुष्यात कधी शर्यत अर्धवट सोडली नव्हती. पण त्या दिवशी वाटलं, बस्स झालं. कुणासाठी बसायचं? दोन्ही ब्लँकेटं गुंडाळली आणि मर्लला "बरंय" म्हणून खाली उतरले.

बाहेर जायची वाट पहिल्या वळणावरच्या बुटक्या पत्र्याच्या शेडमागून जाते. तिथे पायऱ्या नाहीत. काठ्या आणि चाकांच्या खुर्च्यांवाली मंडळी बसतात. वरून त्या शेडचा नुसता पत्रा दिसतो. तिथून जाताना मला आवाज आला.

"टायर हुंगून बघ म्हणावं निम्म्या पोरांचे! नाक जळेल!"

शेजारचा म्हातारा झोपलेला होता. त्यालाच हे ऐकवणं चाललं होतं. पहिल्या बाकावर, दोन काठ्या मांडीवर घेऊन, हॉलिस बसला होता. गालफडं बसली होती, टोपी तीच होती.

"कोण गेलं गं धूर सोडत? तुझा सज्जन?" मला बघून तो म्हणाला, जणू गेल्याच शनिवारी भेटलो होतो.

"तू इथे कधीपासून बसतोस?"

"मार्चपासून."

"मार्चपासून!" माझा आवाज चिरकला. "मला वाटलं तू मेलास! एक निरोप पाठवता आला नाही?"

"कुणाला पाठवू? गेटवर काय सांगू, मॅक्सीनला सांगा? कुठली मॅक्सीन म्हटलं तर? वर बसते ती भांडकुदळ?"

"तेवढ्यावर सापडले असते मी."

तो हसला. मग हसू आवरून गुडघ्यावर हात ठेवला. "गेल्या वर्षीच वर चढताना जीव जायचा. ते भांडण झालं ते बरंच झालं. रागाने गेलो असं तरी दिसलं."

मी त्याच्या शेजारी बसले. आधी हायसं वाटलं, मग अस्सा संताप आला की त्याची एक काठी उचलून त्यालाच हाणावी. एक अख्खं वर्ष मी स्वतःला खात बसले होते, आणि हा गुडघ्यांमुळे गेला होता.

"तू मला म्हणालास," मी म्हटलं, "की मी कुणासाठी एक नियमही वाकवला नाही."

"मी? असं म्हणालो?" त्याने डोकं खाजवलं. "असेन बाई. आठवत नाही."

मी लाल ब्लँकेट त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने ते उलटसुलट करून बघितलं, नाकाला लावलं.

"कांद्याचा वास येतोय याला. कुठे होतं हे?"

"वर. तुझ्या जागेवर."

"वर्षभर?" त्याने ट्रॅककडे मान वळवली. तिथून ट्रॅकचा एक तुकडाच दिसतो. गाड्या येतात आणि जातात, मध्ये काय होतं ते कळत नाही. "पण आता आधी येऊन जागा धरायला बंदी आहे ना?"

"आहे."

"मॅक्सीन," तो हळूच म्हणाला, "तू चीटिंग केलीस?"

"कांदे चिरले," मी म्हटलं.

तो इतका हसला की शेजारचा म्हातारा जागा झाला. तेवढ्यात सगळा ट्रॅक ओरडला आणि कर्ण्यावरून आवाज आला, टॅकेट पहिला! हॉलिसने काठी वर करून हवेत फिरवली. त्याचे कान लाल झाले होते.

"तपासणीला थांबू," मी म्हटलं. "तुला तिथवर मी नेते."

पण त्याच वेळी मागे एक गाडी येऊन उभी राहिली आणि जाकीट घातलेली एक पोरगी खाली उतरली. "मिस्टर यान्सी, चला, जेवण थंड होईल."

म्हणजे यान्सी. वीस वर्षांनी मला त्याचं आडनाव दुसऱ्या कुणाकडून कळलं. जुन्या कापडगिरणीमागे वृद्धाश्रम आहे, तिथली ती गाडी होती.

"ही मंडळी निकालाला कधीच थांबू देत नाहीत," हॉलिस म्हणाला. "मला पुढच्या शनिवारी गेटवर विचारावं लागतं. आता पुढचा शनिवारही नाही. मार्चपर्यंत तो जिंकला की नाही तेच कळायचं नाही." त्या पोरीने त्याला उठवलं. गाडीत बसताना तो वळला. "मॅक्सीन, या वेळी त्याने काही लावलेलं नसणार. एकदा पोळलाय तो. तू बघ."

"उद्या येऊ का सांगायला?"

"चर्चनंतर ये," तो म्हणाला. "दुपारी तिथे फार शांत असतं."

गाडी गेली. मी तपासणीच्या शेडबाहेर जाळीला धरून उभी राहिले. मर्ल आला, थोडा वेळ थांबला, थंडी वाजते म्हणून गेला. चर्चच्या बायकांनी टपरी बंद केली. बाक रिकामे झाले, कागदाचे पेले वाऱ्यावर इकडून तिकडे घरंगळत होते. इतकी वर्षं टॅकेटचं नाव बाद व्हावं म्हणून मी इथे उभी राहिले होते. आज मी मनात घोकत होते, सुटू दे रे त्याला, एकदा सुटू दे.

तपासनीस बाहेर आला. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, गेल्या वर्षी हलवली होती तशीच.

"पुन्हा औषध?" मी विचारलं.

"चारही टायरना," तो म्हणाला. "तुम्हाला आनंद झाला असेल."

मी मैदानात येऊन माझ्या गाडीत बसले. सगळ्या मैदानात आता माझीच गाडी होती. शेजारच्या सीटवर माझं निळं ब्लँकेट होतं. किल्ली हातात तशीच धरून, समोरच्या काचेकडे बघत, मी मोठ्याने म्हणून बघितलं, "तुझा टॅकेट सुटला, हॉलिस. पण मला काही ते पटलेलं नाही."

पहिल्यांदा आवाज खोटा वाटला. दुसऱ्यांदा थोडा बरा आला. उद्या चर्च सुटायच्या आत मला ते नीट जमायला हवं होतं.